अंगठ्याखालचा शब्द

१४ सप्टेंबर, मंगळवार

चि. ठकूस,

आशीर्वाद. वर 'ठकू' लिहिताना पेन जरा अडखळलं. तू आता एकतीस वर्षांची, कुणाची बायको, कुणाची आई. मावशीची ही 'ठकू' तुला चालते का, ते आधी विचारायला हवं होतं. पण एवढ्या वर्षांनी तुला नावानं हाक मारणं मला जमायचं नाही. चालवून घे.

इकडे सगळं ठीक. गुडघे माझ्यावर कुरकुरतात आणि मी त्यांच्यावर. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होईन. शाळेतल्या मोठ्या बाई नव्या आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि उत्साह नुसता उतू चाललेला. "बाई, तुमची ती अंगठ्याची पद्धत जायच्या आधी नव्या शिक्षिकांना दाखवाच," असा त्यांनी माझ्यामागे लकडा लावला होता. चार वेळा मी टाळलं. पाचव्या वेळी सबबी संपल्या.

ती पद्धत तुला काय सांगायची, तू माझ्याच वर्गात होतीस. तरी लिहिते, कारण पुढचं त्याशिवाय लिहिता येणार नाही. धड्यात अनोळखी शब्द आला की अर्थ विचारायचा नाही. शब्दावर अंगठा ठेवायचा. आधीची ओळ वाचायची, नंतरची वाचायची आणि अंगठ्याच्या जागी आपल्याजवळचा शब्द घालून वाक्य चालतं का बघायचं. चाललं, तर तो पेन्सिलीनं वर लिहायचा आणि मग विचारायचं, "बाई, बरोबर का?" शब्दकोश मी कपाटात कुलूप लावून ठेवत असे. काय तो माझा तोरा!

तर गेल्या गुरुवारी मागच्या भिंतीशी वीस शिक्षिका वह्या उघडून बसल्या होत्या. धड्यात वाक्य होतं: विहिरी आटल्या, माणसं निघून गेली, गाव ओसाड पडलं. दुसऱ्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी उठली. "ओसाड म्हणजे कुणीच राहत नाही असं. बाई, बरोबर का?"

मी म्हटलं, "चूक."

का म्हटलं, ते तुला ठाऊक आहे. बावीस वर्षं झाली ठकू, वर्गात चाळीस मुलं असतात आणि मला एकेचाळिसावा आवाज ऐकू येतो. कुणीही "बरोबर का?" विचारलं की तो तुझा असतो. कधी खिडकीकडून येतो, कधी दाराकडून. इतकी वर्षं त्याच्याकडे लक्ष न देता मी बरोबरला बरोबर म्हणत आले. त्या दिवशी मात्र त्या मुलीच्या तोंडून तूच बोललीस, आणि मी तुला जे उत्तर दिलं होतं तेच तिला दिलं. वीसही शिक्षिकांनी ते वहीत उतरवून घेतलं. मुलीनं "सॉरी बाई" म्हणून पेन्सिलीनं लिहिलेलं पुसलं आणि खाली बसली.

आता तो शनिवार लिहिते. आजवर कुणाजवळ बोलले नाही, तुझ्या बाबांजवळही नाही.

ताई दवाखान्यात होती म्हणून तू तीन महिने माझ्याकडे होतीस. दुपारी भावजींचं पत्र आलं. मी ते वाचलं, टेबलावर चष्म्याच्या घराखाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती ओट्याला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं तू दारात. हातात पत्र, पत्रावर अंगठा.

"मावशी, इथे 'असाध्य' लिहिलंय. मी आधीचं वाचलं, नंतरचंही वाचलं. औषधं थांबवली, घरी आणतोय, ठकूला लवकर पाठवा, असं आहे. म्हणजे आईचं दुखणं बरं न होणारं आहे. बरोबर का?"

"औषधं कुणाची थांबवतात? बरं झालेल्याची ना? आणि दवाखान्यातून घरी कोण येतं?"

"पण बाबा नेहमी दोन पानं लिहितात. आज चारच ओळी आहेत."

जे कागदावर नव्हतं तेही तू वाचलं होतंस. असं वाचणारं मूल मला त्याआधी भेटलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी तुला जवळ घ्यायला हवं होतं. "चूक," मी म्हटलं, अगदी वर्गातल्या आवाजात. तू "सॉरी मावशी" म्हणालीस आणि बाबांच्या पत्रात त्या शब्दाच्या वर पेन्सिलीनं लिहिलेलं पुसून टाकलंस. ते पत्र माझ्याकडे आहे. उजेडात धरलं की पेन्सिलीचा वळ अजून दिसतो.

तुला मी पाठवलं नाही. परीक्षा तोंडावर आली आहे, ती झाली की घेऊन येते, असं भावजींना कळवलं. परीक्षेचं नाव उगाच पुढे केलं. तुला पोचवायला मलाच यावं लागलं असतं, आणि ताईला तशी बघायची माझ्यात हिंमत नव्हती. माझ्या भित्रेपणापायी तुझी आणि तिची भेट राहिली. पाचव्या दिवशी, गुरुवारी, ती गेली. दार वाजलं की "ठकू आली का?" विचारायची, हे भावजींनी मला नंतर सांगितलं.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास, मी तुला फसवलं आणि कळल्यावर तू तोंड फिरवलंस, असंच मी आजवर धरून चालले होते. पण या गेल्या शुक्रवारी मी त्या दोन वेण्यांच्या मुलीला सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "बाळ, काल तुझंच बरोबर होतं. माझं चुकलं."

"मला माहीत होतं, बाई."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्हाला बरं वाटत नव्हतं ना."

मी खुर्चीत बसले ती तास संपेपर्यंत उठले नाही. त्या शनिवारनंतरच्या पाच दिवसांत पलंगाखाली तुझी पिशवी रोज भरलेली सापडायची. दोन फ्रॉक, कंगवा, आईसाठी काढलेलं चित्र. "सुट्टीला अवकाश आहे, वेडाबाई," असं म्हणत मी कपडे कपाटात लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी भरलेली. तुझा पोरकटपणाच वाटायचा मला तो. सगळ्या वर्गाला आधीचं-नंतरचं वाचायला लावणारी मी!

आता बावीस वर्षांनी बसून अर्थ लावलाय. तुला त्याच दारात सगळं कळलं होतं. मी खोटं बोलतेय हेही कळलं होतं. मावशी घाबरली आहे, तिला धीर आला की नेईल, म्हणून नऊ वर्षांची तू रोज पिशवी भरून माझ्यासाठी थांबलीस.

बरोबर का, ठकू?

एका शब्दात कळवलंस तरी पुरे. फक्त मी तुला सांगितलं तसं सांगू नकोस.

तुझ्या आईची
धाकटी बहीण