थॉर्नबीसाहेबांचं पान

तीर्थस्वरूप उल्हासदादांना,

योकोहामाहून नीलिमाचा वाकून नमस्कार. (वाकता येतं, पण पुन्हा सरळ होताना कंबर कुरकुरते, तेव्हा एवढ्यावरच भागवून घ्या.) तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं? रेखावहिनींचा गुडघा काय म्हणतो? इथे यतीन, सूनबाई नुपूर आणि नात तन्वी मजेत आहेत. मी नाही. कारण सांगते, पण शांतपणे वाचा. वहिनी वाचून दाखवत असतील तर त्यांनी मध्ये थांबू नये आणि तुम्ही मध्ये बोलू नये.

तुम्ही लिहिलेल्या 'दर्यासिंह थॉर्नबी' या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर मी हाती घेतलं त्याला आता वर्ष होत आलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकले हा माझा गुन्हा. सिस्टर बेनेडिक्टांनी मला वळणदार अक्षर आणि खरं बोलणं अशा दोन गोष्टी शिकवल्या; या कामात पहिलीचाच उपयोग होतो. रागावू नका. बाबा गेले तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांचे होतात आणि मी पाच. माझ्या वाट्याला बाबा आले ते तुमच्या तोंडून, आणि तुमच्या तोंडून दर वेळी बाहेर पडले ते थॉर्नबीसाहेब. बाबा महायुद्धात त्यांच्या जहाजावर तारायंत्रावर होते, एवढंच मला ठाऊक. बाकी सगळे साहेब. बंगालच्या उपसागरातल्या वादळात तीन दिवस जहाजाच्या ब्रिजवरून न हललेले साहेब, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर गोळ्यांच्या वर्षावात चहा पिणारे साहेब. (शाळेच्या प्रार्थनेत मी देवाकडे आईसाठी, तुमच्यासाठी आणि लेफ्टनंट कमांडर थॉर्नबींसाठी मागत असे. सिस्टरना ते आमच्या शेजारचे वाटायचे.) पुस्तक उघडलं तेव्हा वाटलं होतं, इतक्या पानांत कुठेतरी मला बाबा भेटतील. भेटले, दोनदा. एकदा संदेश घेऊन आत येतात, एकदा सलाम करून बाहेर जातात.

तरी मी भाषांतर करत राहिले. मग तुमचं फर्मान आलं की दिवाळीनंतर पुस्तक छपाईला जाणार, तेव्हा शेवटच्या प्रकरणाची जागा पाहून कळव. जपानने शरणागती पत्करल्यावर साहेब योकोहामाला आले आणि एका जपानी ॲडमिरलने आपली तलवार त्यांच्या हाती दिली, ती नेमकी कुठे? दादा, मी या बंदरात इतकी फिरले की माझ्या बुटांचे तळ गेले. चौकशीच्या खिडकीतल्या मुलीला तलवारीचं चित्र काढून दाखवलं. तिने दोन्ही हातांनी, अत्यंत आदराने, मला नूडल्सच्या संग्रहालयाचा नकाशा दिला. शेवटी यतीनने कॉम्प्युटरवर कुठे कुठे शोधून साहेबांची मुलगीच गाठली. हेदर नाव. इंग्लंडात असते, वय ऐंशीच्या पुढे, बोलणं खणखणीत. व्हिडिओवर मी तिला तुमची तीन प्रकरणं तोंडी सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं भरून आलं. ती हसत होती.

ती म्हणाली, "बाई, माझ्या वडिलांना बाथटबमध्येसुद्धा मळमळायचं."

साहेबांना बोट लागायची, दादा. नांगर उचलला की साहेब आडवे. तीन दिवस ते ब्रिजवरून हलले नाहीत हे खरं, कारण त्यांना तिथेच एका खांबाला बांधून ठेवलं होतं. जहाज त्यांचे हाताखालचे लोक चालवत. आणि योकोहामात तलवार वगैरे काही नाही. ताफ्याचे कपडे धुण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. धक्क्याला बांधलेलं जहाज, स्थिर जमीन आणि चादरींचे ढीग. त्यांच्या सगळ्या नोकरीतले तेच सुखाचे दिवस, असं ते मुलीला सांगत. युद्धाबद्दल आणखी फक्त एक गोष्ट सांगत. हेदर म्हणाली, "एक हिंदी तारायंत्री होता. तो बादली धरायचा आणि जमीन कुठल्या बाजूला आहे ते सांगत राहायचा. त्या आवाजावर मी युद्ध काढलं, असं म्हणायचे."

मी तिला नाव विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

हे तुम्हाला कसं सांगावं या विवंचनेत असतानाच सर्वपित्री आली. तुम्ही फोनवर म्हणालात, पुण्यात आता सगळीकडे कबुतरंच, तुमच्या सोसायटीत कावळा दिसून वर्षं झाली, तेव्हा यंदा साहेबांचं पान तूच योकोहामात ठेव. (बाबांनी सुरू केलेली ही प्रथा जगात दुसऱ्या कुणाच्या घरी असेल असं वाटत नाही. आईने उकडलेलं अंडं होऊ दिलं नाही, म्हणून मार्मलेड लावलेल्या पावावर तडजोड झाली, हे तुम्हीच सांगितलंत.) इथे कावळे भरपूर, कोंबडीएवढे, आणि कशाला म्हणून नाही म्हणत नाहीत. मी वडे, खीर, भोपळ्याची भाजी आणि साहेबांचा पाव बाल्कनीत मांडला आणि सगळे उपाशी बसलो. यतीन घरून काम करत होता, त्याची मीटिंग रिकाम्या पोटी चालली होती. समोरच्या तारेवर चार कावळे बसले. बसलेच. एकाने पान पाहिलं आणि पाठ फिरवली.

तेवढ्यात खालून मोरिता-सान वर आमच्या बाल्कनीत आले. हे आमच्या इमारतीची देखभाल बघतात, आणि कचऱ्यावर पिवळं जाळं पसरून कावळ्यांना लांब ठेवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं दुःख आलं की मीच माफी मागितली. तन्वी त्यांच्याशी जपानीत काहीतरी बोलली. (नंतर विचारलं तर म्हणाली, "आजीच्या बाबांचे साहेब मेलेत आणि त्यांना भूक लागलीय, एवढंच सांगितलं.") मोरिता-साननी टोपी काढली, मार्मलेडच्या पावाला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि टोपी छातीशी धरून माझ्या शेजारी उभे राहिले. आता तुम्हीच सांगा, अशा माणसासमोर पान उचलून घरात कसं नेणार?

कावळा शिवत नाही म्हणजे इच्छा राहिली, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. मी विचारायला सुरुवात केली. आधी मराठीत, मग साहेबांना कळावं म्हणून इंग्रजीत, सिस्टर बेनेडिक्टांच्या उच्चारांत. बोट लागण्याचा उल्लेख येणार नाही, म्हटलं. कावळा ढिम्म. तलवार ठेवू, म्हटलं. ढिम्म. वाटल्यास कमांडर करू, एखादं पदक वाढवू. एक कावळा चक्क उडून गेला. मोरिता-सानना फोन आला म्हणून ते वाकत वाकत गेले. आतून यतीन म्हणाला, "आई, आता काय साहेबांना ॲडमिरल करतेस का?" माझा धीर सुटला. मी कठड्याला धरून म्हटलं, "साहेब, पुस्तक छापणार नाही."

दादा, तो खाली आला आणि पाव घेऊन गेला.

तेव्हापासून मला झोप नाही. तुमची अकरा वर्षांची मेहनत मी एका कावळ्याला देऊन बसले. शब्द पाळला तर तुमचा गळा कापते, मोडला तर मेलेल्या माणसाचा. काय करू ते कळवा. वहिनींना नमस्कार, आणि डोळ्यांत थेंब वेळेवर घाला.

तुमची,
नीलिमा

ता. क. : सिस्टरना स्मरून खरं सांगते. यतीनचं म्हणणं, कावळा मोरिता-सानना घाबरून बसला होता आणि ते गेले म्हणून उतरला. माझ्या शब्दाचा काही संबंध नाही. नुपूरलाही तसंच वाटतं. तेव्हा तुम्हाला छापायचंच असेल तर छापा. मी तलवारीसकट भाषांतर पुरं करीन.

पुन्हा ता. क. : हे मूळ पत्रातच लिहायचं होतं, धीर झाला नाही. हेदरशी बोलल्यापासून मी तिचा हेवा करतेय. तिच्या वडिलांनी बाबांचा आवाज ऐकला, तिला निदान त्याबद्दल सांगितलं. मला तो आठवतच नाही. आठवायला गेले की तुमचाच ऐकू येतो. आपल्या घरात तो आवाज आता फक्त तुमच्यापाशी आहे, आणि तुम्ही ऐंशीला टेकलात. साहेबांचं काय करायचं ते करा. पण ऑपरेशनच्या आधी एकदा वहिनींना कागद घेऊन बसवा आणि त्यांना सांगा, दादा : बाबा मला हाक कशी मारायचे?