बॅटरीबद्दल मी बोलले नाही

१९ मे

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. इकडे सगळे बरे. माझा घसा बसलाय, त्यामुळे घरात शांतता आहे. ह्यांना ती फारच मानवली आहे. छतावरची पॅनेलं दर आठवड्याला धुते. बिल नावापुरतंच येतं. ते तरी मी खोटं सांगितलं नव्हतं.

भाऊजी घरी आले हे वाचून जीव भांड्यात पडला. चार पावलांत धाप लागते म्हणतेस, तर जिन्याचा हट्ट करू देऊ नकोस. पुढे तू लिहिलंयस, 'माझ्याच हातून स्विच चुकला. आता त्या मशीनला मी हात लावत नाही, सून बघते.' चार दिवस मी तेवढंच वाचतेय.

पलीकडच्या वसाहतीने रविवारी मला बोलावलंय. त्यांनाही सौर पॅनेलं बसवायची आहेत. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "तोफ आली की काम झालं." पूर्वी असं ऐकलं की मी ताठ व्हायचे. परवा फोन ठेवला आणि जमिनीवरच बसले.

तुमच्या गल्लीतली सभा आठवते ना? वीस सह्या झाल्या तर दर कमी पडणार होता, म्हणून तूच मला बोलावलंस. मी तासभर बोलले. सूर्य काही कुणाचा नोकर नाही संपावर जायला, म्हटलं, लोक हसले. "यापुढे तुमच्या घरात अंधार नाही," असंही म्हटलं. भाऊजी नंतर म्हणाले, "बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात. मेहुणीबाई, तू तर ऊन विकलंस." त्याच आठवड्यात तुम्ही जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट भंगारात दिलात. मला विचारून दिलात. मी म्हटलं, "द्या, जागा कशाला अडवायची."

ताई, सभेआधी पॅनेलवाल्याने मला तुमच्याच जिन्यात गाठलं होतं.

"बाई, एक सांगून ठेवतो. रस्त्यावरची लाइन गेली की हेही बंद पडतं. तारेवर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. तेव्हाही वीज हवी तर बॅटरी लागते. खर्च जवळजवळ दीडपट."

"मग हे लोकांना सांगायला हवं."

"सांगा की. मग सह्या मोजायला एक हात पुरेल."

मी तासभर बोलले आणि एवढं एकच बोलले नाही. विसरले असं लिहिता आलं असतं. विसरले नव्हते. दोनदा ओठांवर आलं, समोरचे चेहरे पाहिले आणि गिळलं. आधी सह्या होऊ देत, बॅटरीचं मागाहून बघू, अशी मनाची समजूत घातली. आयुष्यभर कोळशाच्या धुराविरुद्ध बोलतेय. एवढ्या मोठ्या खऱ्यात एवढंसं न सांगितलेलं खपून जाईल असं वाटलं.

त्या दुपारी ऊन रणरणत असताना लाइन गेली आणि भाऊजींचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं. शेजारच्या ड्रायव्हरने त्यांना उचलून गाडीत घालेपर्यंत पॅनेलांची वीज येईल म्हणून तू स्विच खाली-वर करत राहिलीस. तो कसाही ठेवला असतास तरी मशीन चाललं नसतं. जुना इन्व्हर्टर असता तर चाललं असतं. तुझं काहीही चुकलं नाही. चूक माझी.

दवाखान्यात तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून "मला मेलीला साधा स्विच कळला नाही" म्हणत रडलीस, आणि मी तुझी पाठ थोपटत बसले. ते सगळ्यात वाईट.

बुधवारी पॅनेलवाला बॅटरी घेऊन तुमच्याकडे येईल. पैशाचं काढू नकोस. बसवून झाली की त्याच्यासमोर मेन स्विच पाडून मशीन चालतं का ते पाहून घे. कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस, माझ्याही.

रविवारी बॅटरीचा खर्च आधी सांगणार आहे, मग चार सह्या झाल्या तरी चालतील. लाइन गेली की पॅनेलं का बंद पडतात, ते तुमच्या गल्लीतल्या बाकीच्या एकोणीस घरांनाही अजून माहीत नाही. त्यांच्याकडे दारोदार जाईन. तुमची पायरी चढू की नको, ते तू ठरव.

हे पत्र भाऊजींना तूच वाचून दाखव. समोर येऊनच सांगायला हवं होतं. पण समोर आले की मी बोलण्यात जिंकते, आणि या वेळी मला जिंकायचं नाही.

तुम्हा दोघांची अपराधी,
धाकटी