फरशीवर वाचून पाहिलेली ओळ

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मी पहिल्यांदा तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही समोर असता तर माझी हिंमत झाली नसती.

दिवसभर फॅक्टरीत पेट्यांवर नंबर रंगवायचे आणि रविवारी दुकानांच्या हिंदी पाट्या, असं तुमचं चालायचं. ब्रश हातात घेण्याआधी ओळ खडूने दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर लिहायची आणि आईला वाचायला लावायची, ही तुमची रीत. आई चौथी शिकलेली, हिंदी चाचपडत वाचणारी. तिने एका दमात वाचली तर ओळ पास, अडखळली तर पुसून टाकायची. मला शेजारी बसवून तुम्ही धंदा शिकवायचात. "लोक चांगुलपणासाठी खिसा नाही उघडत, बेटा. साडीवाल्याची पाटी वाचून शेजारीण जळली पाहिजे. मिठाईवाल्याची वाचून हाव सुटली पाहिजे. माणूस जे लपवून राहिला, तेच मोठ्या अक्षरात लिहायचं." मला ते भारी आवडायचं.

मग आला मर्दानी बुटांच्या दुकानाचा बोर्ड. तुम्हाला ओळ सुचत नव्हती. मी तेरा वर्षांची, खडू उचलला आणि लिहिलं, 'मर्द पूछता नहीं'. आई एका हाताने कणीक मळते आहे, दुसरा प्लास्टरमध्ये. ती वळून वाचते, एकदाही न अडखळता, आणि पुन्हा परातीकडे वळते. तुमचा लाल रंगाने भरलेला पंजा माझ्या गालावर असा बसतो की डोकं ओट्यावर आदळतं. "काहून लिहिलं हे? कोणी शिकवलं?"

कोणी शिकवलं! आईचं शिलाई मशीन तुम्ही परस्पर आत्याला देऊन टाकलं होतं. "मला विचारलं काहून नाही?" एवढंच ती म्हणाली. रागावलात की तुम्ही हिंदीवर यायचात. तेच तीन शब्द बोलत तुम्ही लाटण्याने तिचं मनगट मोडलं. मी दारात उभी होते. पाटीवर काय चालतं हे मी तुमच्याकडूनच शिकले होते, बाबा. नंतर आईने रॉकेलने माझा गाल घासला. रंग निघाला, कातडी दोन दिवस जळत राहिली.

आता रिछाईत माझा फ्लेक्स छापायचा कारखाना आहे. पानमसाल्याच्या पुड्या विकणाऱ्या एका कंपनीला ओमतीच्या चौकातल्या बोर्डासाठी ओळ हवी होती. मी तीच दिली. देण्याआधी खडूने फरशीवर लिहिली आणि फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या रिंगा ठोकणाऱ्या बाईला वाचायला सांगितली. तिने एका दमात वाचली. वाचून ती गप्प का झाली, हे मी विचारलं नाही. बोर्ड लागला, वर मिशीवाला माणूस, खाली ते तीन शब्द.

सोमवारी ती कामावर आली तेव्हा तिचा जबडा सुजून कानापर्यंत गेला होता, पुढचा दात पडला होता. नवऱ्याने तिचं तोंड उंबऱ्यावर आपटलं होतं.

"दीदी, वो बोर्ड उतरवा दो. मारते समय वही बोलता है. पहले चुपचाप मारता था."

मी रिंगा ठोकायचा हातोडा उचलला. खोटं नाही सांगत, त्या माणसाचं डोकं फोडायचं होतं मला. आणि त्याच्यानंतर तुमचं. तुम्ही जिवंत नाही याचा मला इतका संताप कधीच आला नव्हता. ती हातोड्याकडे पाहत मागे सरकली, मलाच घाबरली. मी तो ठेवून दिला. "बघते," म्हटलं.

दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. ओळ जोरात चालली होती, त्यांना तशीच आणखी एक हवी होती. बोर्ड उतरवा असं म्हणणं माझ्या ओठांवर होतं, ते तिथेच राहिलं. ओमतीला तो अजून तसाच आहे.

हे सगळं तुमच्या माथी मारायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. ही वही आता कपाटात जाईल. एकच सांगायचं राहिलं. त्या फोननंतर मी नवी ओळ फरशीवर लिहिली आणि तिलाच हाक मारली. ती वाचताना अडखळली. सुजलेल्या तोंडामुळे अडखळली, हे मला कळत होतं. तरी मी ती ओळ पुसली आणि तिच्यासमोर दुसरी लिहिली.