निधनाच्या बातमीचं प्रूफ

मी, खाली सही करणारा, इंग्रजी छापखान्यातला निवृत्त प्रूफरीडर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. मराठीत लिहिण्याचं कारण, वकीलसाहेबांचा इंग्रजी मसुदा मी इतक्यांदा लाल करून परत पाठवला की त्यांनी हात टेकले. "काका, तुम्ही मराठीतच मरा," असं फोनवर म्हणाले. वाक्य निर्दोष होतं.

१. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी.

२. जाड इंग्रजी शब्दकोश शेजारच्या शिंपीणबाईंना. त्यांच्या मशीनच्या पायाखाली तसाही तोच आहे.

३. लाल पेनं माझ्याबरोबर जाऊ द्यावीत. घेणारं कोणी नाही. लोक आता स्वल्पविरामाऐवजी हसरे चेहरे टाकतात. त्यांच्यापुढे मी हरलो.

४. घर. मुलाच्या दुकानाच्या उद्घाटनाला लेकीने पाहुण्यांदेखत शिडीवर चढून पाटीवरचं इंग्रजी दुरुस्त केलं. पाटी चुकलेलीच होती, हे मी आजही म्हणेन. पण तेव्हापासून दोघांचा अबोला आहे. त्यांची आई गेली त्या दिवशीही ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांना निरोप धाडत होती, तेही नर्सकरवी.

म्हणून अट. माझ्या निधनाची इंग्रजी बातमी मी लिहून टेबलाच्या खणात ठेवली आहे. छापायला देण्याआधी दोघांनी ती त्याच टेबलाशी बसून तपासावी, छापखान्यात मी आणि त्यांची आई तपासायचो तशी. एकाने स्वल्पविराम, पूर्णविरामांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर नजर ठेवायची. मी वाचायचो आणि त्यांची आई म्हणायची, "हळू वाचा हो, मला कुठे गाडी पकडायचीय?" एवढं केलं तर घर दोघांचं. नाहीतर वाचनालयाला द्यावं.

फारशी आशा नाही. लेक आपल्या जागी दुसऱ्या कोणाला तरी पाठवेल. मुलगा म्हणेल, "आहे तसं छापा, कोण बघतंय!"

तरीही सांगून ठेवतो. त्या बातमीत मी मुद्दाम चुका सोडल्या आहेत, जन्मात पहिल्यांदाच. सहज सापडणाऱ्या नाहीत, बराच वेळ बसावं लागेल. दोघं बसली नाहीत, तर माझ्या नावासकट त्या तशाच छापल्या जातील. जाऊ देत.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले (सही), दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)

तारीख: सहीखाली घातली आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं तेच टेबल. दोन्ही खुर्च्या पुसून ठेवल्या आहेत.