चंद्र थांबला तर

२९ डिसेंबर, सोमवार
अकरावीला गुरुत्वाकर्षण. पोरं पेंगत होती, म्हणून पुस्तकी मराठी सोडून अहिराणीत घुसलो. चंद्र सारखा पडतच असतो, पण आडव्या वेगामुळे पृथ्वी चुकवतो. "तो वेगच थांबना तं? पाच दिनमा चांद आपला डोकावर!" वर्ग खडबडून जागा. आपली स्वारी खूश.
संध्याकाळी बायकोला घेऊन शहाद्याला, दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वैशालीच्या पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. शनिवारी सिझर. उशीर नको.

३० डिसें.
कुणीतरी वर्गात व्हिडिओ काढला होता. 'वेग थांबला तर' कापलं, उरलं फक्त "पाच दिनमा चांद आपला डोकावर". म्हसावद गावभर फिरतोय. सोमवारनंतर पाच दिवस म्हणजे शनिवार, त्यात पौर्णिमा. लोकांना अजून काय हवं!
खुलासा टाकला. शुद्ध मराठीत, सूत्रासकट. कुणी पुढे पाठवेना.

१ जाने.
माय अडून बसली. शनिवारी सुनेला घराबाहेर काढायचं नाही.
"काहीच नही व्हस, माय."
"तूच सांगस ना मोबाइलमा! तुन्हाच आवाज शे."
समजावायला गेलो, की चंद्र जवळ आला तर पृथ्वीची ओढ त्याला वरच फोडायला लागेल. तिचा चेहरा आणखी उतरला. "म्हणजे तुकडा पडतीन? मंग तं कोठे बी पडतीन!"
शहाणपणा नडला.

२ जाने.
बाळ कमी हलतंय. ठोके तपासून आणले, ठीक आहेत. पण उद्याचा दिवस टळता कामा नये, बाईंनी बजावलं. माय जेवली नाही. मी तिच्यावर ओरडलो. भीती वाटतेय, चंद्राची नाही.

३ जाने., शनिवार
सकाळी वैशालीच पिशवी घेऊन ओट्यावर. मायला म्हणाली, "आत्या, मी जाई ऱ्हायनू. तुम्ही येतस का?"
माय गाडीत बसली. वाटभर सुनेच्या पोटावर पदर धरून.

दवाखान्यात. वैशालीला आत नेलंय. माय बाकावर, नजर खिडकीबाहेर.
"आते कोठे शे तो चांद?"
"दूर जाई ऱ्हायना, माय. दर साल थोडा थोडा."
"चांद जाऊ दे. माले सांग, सून-पोर बरा शेतस ना?"
चंद्राचं छातीठोक सांगितलं होतं. हे सांगता येईना. तिचा हात धरून बसलोय. दार अजून उघडलेलं नाही.