कापसात खुपसलेला मोबाईल

मारेगाव, मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

हुश्श! किती घाबरले होते मी. परवा वैष्णवीच्या मोबाईलवर कुण्या अनोळखी माणसाचा मेसेज दिसला, "फोटो पाठव." पोरीला काही न विचारता मोबाईल उचलला आणि मधल्या खोलीत कापूस भरलाय, त्यात खुपसला. बंदसुद्धा केला नाही. पोरगी सातवीत, गणित त्यावरच बघून शिकते. मला कुठे येतात अपूर्णांक! दोन दिवस नुसती वही उघडून बसली.

आज म्हणाली, "आई, मोबाईल कापसातून काढ. गरम झाला त आग लागन."

"तुले माईत होतं?"

"कालच दिसला."

दिसला, तरी घेतला नाही! आणि आगीचं माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

"त्या माणसाले मी तवाच ब्लॉक केलतं."

"मग मले काहून नाई सांगितलं?"

"तू मोबाईलच काढून घेशीन म्हणून."

तेच तर केलं मी. पुन्हा असं काही आलं तर आधी मला दाखवायचं, असं ठरलं. "ओरडशीन नाई ना?" नाही म्हटलं. जड गेलं, पण म्हटलं.

चार्जिंगच्या भोकात कापूस अडकलाय. वैष्णवी सुईनं काढतेय, उजेडासाठी बॅटरी धरायला मला बोलावतेय. जाते.