मावशीचं घुंगरू

१२ मार्च, मंगळवार
सकाळ, धारा झाल्यावर

चि. बडबडीस,

आशीर्वाद. ते तू ठेवून घेतेस की परत पाठवतेस, ते तुझं तू बघ. माझं काम देण्याचं.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडी सरल्यापासून बरा आहे. गोठ्याच्या छपराचा कोपरा वाऱ्यानं उचलला होता, तो मी पुन्हा ठोकून बसवला. माळावर यंदा पाला चांगला आहे, शेळ्या संध्याकाळी पोटं तट्ट भरून घरी येतात. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. लहानपणी तुला गप्प बसवायला चणे द्यावे लागायचे, आता बोलतं करायला काय द्यावं ते कळत नाही.

तू घातलेली अट तुझ्या आईनं मला सांगितली. गोठा रिकामा होईपर्यंत तू या घराचा उंबरा ओलांडणार नाहीस. माझं उत्तर आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला आशा लावून बसावं लागणार नाही. गोठा रिकामा होणार नाही.

आपल्या म्हाताऱ्या शेळीचं, मावशीचं, पुढे लिहितो. आधी त्या टेम्पोचं.

तुझ्या आईनं मला न विचारता तुला मावशी द्यायचं कबूल केलं, याचा मला राग नाही. तिला लेक घरी यायला हवी आहे, त्यासाठी ती मलाही टेम्पोत चढवील. मी दूध पोचवून आलो तर अंगणात तुमच्या जनावरं सोडवणाऱ्या संस्थेचा टेम्पो, त्यात स्वच्छ घोंगडी, आणि घोंगडीवर मावशी आरामात खुराक खात उभी. तुझी आई हातात रिकामी पाटी घेऊन आभाळाकडे बघत होती. पण तुमच्या त्या दोन पोरांना एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, आणि तू तर ती विसरलीसच. आपला कळप माणसामागे जात नाही, मावशीच्या गळ्यातल्या घुंगरामागे जातो. ती जिथे चढली, तिथे बाकीच्या चढायला लागल्या. तो मुलगा एका बाजूनं उतरवतोय, त्या दुसऱ्या बाजूनं चढतायत. हातमोजे घातलेली ती मुलगी बोकडाला "प्लीज" म्हणत होती.

"काका, आम्हाला फक्त एकच न्यायची आहे," तो मला म्हणाला.

"मग तसं बाकीच्यांना सांगा," मी म्हणालो.

पोरं वाईट नव्हती. घाम पुसून हसली. मी त्यांना पाणी दिलं, मावशीचं दावं धरलं आणि तिला खाली उतरवलं. मग त्या मुलीनं तुला फोन लावून माझ्या कानाशी धरला. तू विचारलंस, "ठेवून काय करणार आहात तिचं? कापणार?" मी म्हणालो, "वेळ आली तर हो." तू फोन ठेवलास. तेव्हापासून हा अबोला.

तू पाठवलेलं पुस्तक मी वाचलं. सगळं वाचलं. गावच्या शाळेत शिकलेला माणूस सावकाश वाचतो, पण पानं गाळत नाही. त्यात लिहिलंय की "दयेनं मारणं" हा शब्दच खोटा आहे. मला ते पटलं. मी तो शब्द कधी वापरला नाही. सुरी ही सुरी असते. बोकड जातो तेव्हा तो स्वतःहून जात नाही, मी नेतो म्हणून जातो. दूध करडांचं असतं, हेही खरं. म्हणून आपण सकाळची एकच धार काढतो, आणि त्यानंतर दिवसभर करडं आयांपाशी असतात. तू म्हणशील, चोरी कमी केली म्हणून ती चोरी राहत नाही का? म्हण. या प्रश्नाचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण उत्तर नाही म्हणून मी मान खाली घालून फिरणार नाही.

कारण तुझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. मी विचारलं होतं, उद्या सगळ्यांनी दूध-मांस सोडलं तर या शेळ्यांचं काय? तू म्हणालीस, आहेत त्यांना जगू द्यायचं, नव्या जन्माला घालायच्या नाहीत. किती सहज म्हणालीस. कुणाला दुखू नये म्हणून कुणी असूच नये. बाळ, मी रोज पहाटे देवापुढे उभा राहतो, पण हे मागायला माझी जीभ रेटत नाही. या माळावर उड्या मारणारं करडू बघून "हे नसतं तर बरं होतं" असं मला एकदाही वाटलेलं नाही. त्याचं आयुष्य छोटं असेल, पण ते त्याचं असतं. त्यात ऊन असतं, आई असते, टकरा असतात. आणि शेवटचा दिवस असतो, तो माझ्यामुळे. तो दिवस मी माझ्या नावावर घेतो. देवानं विचारलं तर मीच सांगेन, तुला मध्ये घालणार नाही.

मोठ्या रस्त्यावरच्या त्या लांबलचक शेड तू बघितल्यास. जनावराला उन्हाचा कवडसा नाही, वळायला जागा नाही. त्यांच्याविरुद्ध तू उभी राहशील तिथे मी तुझ्या शेजारी उभा राहीन, घोषणाही देईन, लाज वाटली तरी. पण त्यांच्या फाटकावर पहारेकरी असतो आणि आपल्याला नुसती कडी आहे, म्हणून तुमचा टेम्पो आधी माझ्या अंगणात आला. हे मला लागलं. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

आता मावशी.

टेम्पो गेल्यावर थोड्याच दिवसांत तिचं खाणं सुटलं. दात उरलेच नव्हते. पाला चघळायची आणि तसाच खाली टाकायची. मी खुराक भिजवून, कालवून हातानं भरवला, तू शाळेत असताना बाटलीनं पाजायचीस तसा. मग एका सकाळी पुढचे पाय उचलेनात. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता ही उठायची नाही. तुमच्याकडे नेली असती तर मऊ अंथरूण मिळालं असतं, सुया मिळाल्या असत्या, आणि तिनं कदाचित आणखी काही आठवडे काढले असते. हे मी मान्य करतो. पण परक्या भिंतींत, घुंगरामागे कुणी नसताना. पोरक्या करडांना स्वतःची कास देत जी आयुष्यभर सगळ्यांची मावशी झाली, तिला मी शेवटी एकटी पाडणार नव्हतो.

मी खाटीककाकाला बोलावलं. तुला खांद्यावर बसवून जत्रेतल्यासारखा नाचायचा, तोच. तो तिच्यापाशी उकिडवा बसला. म्हणाला, "आत नको. माळावर घे. आणि डोकं तू धरणार असशील तरच मी हात लावीन."

मी तिला उचलून माळावर नेलं. वजनच राहिलं नव्हतं. बाकीच्या आजूबाजूला चरत होत्या. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, ज्यानं वाढवलं त्यानंच डोकं धरायचं, परक्याच्या हातात द्यायचं नाही. मावशीला तू वाढवलंस. ते डोकं तुझ्या मांडीवर असायला हवं होतं. तू नव्हतीस, म्हणून मी धरलं. देवाचं नाव मनातच घेतलं, तिला मोठा आवाज आवडायचा नाही. ती माझा अंगठा चाटत होती.

आणि आम्ही तिला खाल्लं. पुरून टाकलं, असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तुझ्या आईनं सकाळी चुलीवर चढवलेलं संध्याकाळपर्यंत शिजलं नाही. जिवंतपणीही तिनं कुणाचं ऐकलं नव्हतं. तुझी आई, खाटीककाका आणि मी, तिघं जेवायला बसलो. कुणी पानात काही टाकलं नाही. घास गिळताना मला जड गेलं. याचा अर्थ तू जिंकलीस असा लावू नकोस. जड जायलाच हवं. ज्या दिवशी जड जाणार नाही, त्या दिवशी तुझा टेम्पो घेऊन ये, मी स्वतः कडी काढीन.

तुझी आई तुझ्यासाठी बदामाचं दूध करायला शिकली आहे. पहिल्या दिवशी मिक्सरचं झाकण लावायचं विसरली, स्वयंपाकघराला चुना दिल्यासारखं झालं. आता जमतं. मला चहात घालून दिलं. चहा म्हणून नाही, पण वेगळं काहीतरी म्हणून चांगलं आहे. गाळून उरलेला चोथा शेळ्या खातात, त्यांची तुझ्या मताला काही हरकत नाही. तू आलीस तर तुझं भांडं वेगळं, चूल वेगळी, कुणी टोमणा मारणार नाही. मारला तर मीच मारीन.

हे वाचून तू घुंगरू मागशील, आठवण म्हणून. ते पाठवणार नाही. ते भिंतीवर टांगायची वस्तू नाही. मावशीच्या नातीच्या गळ्यात बांधलंय. पहिले दोन दिवस ती बावचळली, मागे कळप का येतोय तेच तिला कळेना. आता पुढे चालते.

ते घुंगरू ऐकायचं असेल तर अट सोडून ये. सोडायची नसेल तर फाटकाबाहेर उभी राहा, उंबरा ओलांडू नकोस. संध्याकाळी मी त्यांना त्याच वाटेनं आणतो. तुझ्या जवळून जाईन. थांबेन. पण गोठ्याकडेच जाईन.

या घराला कुलूप नसतं, हे तुला ठाऊकच आहे.

तुझाच, आणि त्यांचाही,
बाबा